दाजींचा फोन

काचेचं दुकान आमच्या बाबांचं, पण मोठी काच आली की बाबा काच कापायची हिरकणी दाजींच्या हातात देतात. मी पोटचा मुलगा असून काचेचं दुसरं टोक धरून उभा. दाजी म्हणजे ताईचा नवरा. दुकानात आले तेव्हा काच कुठून धरायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. जळतो मी त्यांच्यावर, कशाला लपवू?

हिरकणीनं काचेवर एकदाच रेघ ओढायची आणि काच टेबलाच्या कडेवर मोडायची, एवढंच काम. हात अडखळला म्हणून तीच रेघ पुन्हा ओढली, की काच वाटेल तिथे फुटते. माझा हात नेमका अडखळतो. बाबा बघत असले की हमखास.

दाजींचं मात्र सगळं निवांत. मोठ्या काचेआधी मागच्या दाराशी जाऊन ताईला फोन लावणार, दोन शब्द बोलणार आणि येऊन सरळ रेघ ओढणार. जेवायला काय केलंय ते विचारत असतील, असं मला वाटायचं. एवढा निर्धास्त माणूस बघून माझं पित्त खवळायचं.

परवा मी ताईला टोमणा मारलाच, की तुझ्या नवऱ्याला ऐन कामाच्या वेळी बरी भूक लागते. ती हसली. म्हणाली, भूक कसली, त्याला दरदरून घाम फुटलेला असतो. फोनवर एवढंच म्हणतो, भीती वाटतेय.

"आणि मी म्हणते, वाटू दे. तू रेघ ओढ."

माझ्या पोटात दुखलं. हे वाक्य माझं होतं. शाळेत तोंडी परीक्षेला वर्गाबाहेर मी रडकुंडीला यायचो, तेव्हा ताई कानात सांगायची, वाटू दे, तू उत्तर दे. पुढे मला मिशा फुटल्या आणि घाबरलोय म्हणायची लाज वाटायला लागली. माझी जागा रिकामी झाली, तिथे दाजी ऐसपैस बसले. हिरकणी घेतली ते एक वेळ सोसलं असतं.

काल नाचाच्या वर्गासाठी भिंतभर आरसा आला आणि दाजींचा अंगठा नेमका कापलेला, पट्टीत गुंडाळलेला. बाबा मला म्हणाले, आरसा एकच आहे, फोडलास तर पुन्हा हिरकणी मागू नकोस. मी लाज गिळून पुढच्या पायरीवर आलो, ताईला फोन लावला. तिचा फोन दुसरीकडे चालू. वळून बघतो तर मागच्या दाराशी दाजी, कानाला फोन. आज स्वतःला काही कापायचं नसताना! तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"वाटू दे," ताई म्हणाली. "तू रेघ ओढ."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. तुझे हात बघून तोच घाबरलाय."

मी टेबलापाशी आलो. दाजी दुसरं टोक धरून उभे होते, माझ्या रोजच्या जागी. आरशात आम्ही दोघे दिसत होतो, दोघांचीही कपाळं घामेजलेली. हात थरथरत होता, तो थरथरू दिला. रेघ एकदाच ओढली.

आरसा रेघेवर मोडला. ताईला सांगावं म्हणून फोन लावला, तर तिचा पुन्हा चालूच. मागच्या दाराशी दाजी माझंच कौतुक सांगत होते. तरी जळलो.