काटकसरीचा देखावा

आंघोळीच्या वेळी मी मुलीचं रबरी बदक सहज दाबलं आणि त्याच्या पोटातून काळ्या बुरशीच्या चिंध्या पाण्यात पडल्या. आधी वाटलं, नळातून काही आलं. पुन्हा दाबलं तर पुन्हा तेच, चहाच्या चोथ्यासारखं. मुलगी तेव्हा नुकती दोन वर्षांची झाली होती आणि ते बदक ती रोज चोखत असे. तिला तशीच ओली उचलून मी टॉवेलात गुंडाळलं आणि दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले.

त्या आठवड्यात मी घरातली जवळजवळ सगळी विकतची खेळणी काढून टाकली. नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण ओढाताण होतीच. नर्सरीची फी आणि माझा पगार यांत फारसा फरक उरत नव्हता, म्हणून मी आयटीतली नोकरी सोडून घरी बसले होते. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मँचेस्टरच्या त्या जुन्या, भिंतीला भिंत लागलेल्या टेरेस्ड घरात आमचं तिघांचं एका पगारावर चाललं होतं. तेव्हा ठरवलं, हिच्यासाठी जे काही करायचं ते घरात आहे त्यातूनच.

आणि होत गेलं. दुधाच्या बाटल्यांची हिरवी, निळी, लाल झाकणं जमवली. ती डब्यात टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची, यात तिची अख्खी सकाळ जायची. नवऱ्याच्या जुन्या शर्टाचा ॲप्रन झाला. बीट उकडलं की त्याचं पाणी रंगाला. पार्सलच्या खोक्याची ट्राम केली, तिला दारं कापली, तर ती आत बसून मला म्हणे, "आई, तिकीत!" पोळ्या करताना तिला कणकेचा एक गोळा द्यायचा. माझी आई मला द्यायची तसाच. ती त्याची चिमणी करायची, निदान ती चिमणी आहे असं सांगायची, आणि मी ती तव्यावर भाजून तिला खायला द्यायचे. बोटं फिरून फिरून मळकट झालेली ती चिमणी ती कुरकुर आवाज करत खायची.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण काटकसरीला वास असतो, हे कुणी सांगत नाही. एकदा आम्ही बटाटे कापून त्यांचे ठसे केले आणि त्यातले दोन-चार तिने कुठेतरी लपवले. काही दिवसांनी घरात असा वास सुटला की नवरा म्हणाला, "भिंतीत उंदीर मेलाय." त्याने फरशीच्या फटी हुंगल्या, सिंक उघडलं. शेवटी मी सोफा ओढला तेव्हा मागे खोली तापवणाऱ्या रेडिएटरला चिकटलेला तपकिरी लगदा सापडला. मेलेल्या प्राण्यापेक्षा सडलेला बटाटा वाईट, हे मी शपथेवर सांगेन. तो लगदा कागदात धरताना बोटाखाली दबला. त्यानंतर कित्येक दिवस मी बटाट्याची भाजी केली नाही.

घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांचा ग्रुप भरायचा. सकाळी दोन तास मुलं खेळायची, आयांना चहा-बिस्किट मिळायचं. तिथे मला ती भेटली. माझ्याच वयाची, तिचे आईवडील महाराष्ट्रातले, ती इथेच जन्मलेली. माझी मुलगी दुधाच्या झाकणांचा डबा घेऊन बसली होती, ते बघून ती जवळ आली.

"ओ माय गॉड, हे तू स्वतः बनवली? सो क्लेव्हर!" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "तू मराठी आहे ना? माझा आई पण मराठी बोलते. मला नीट येत नाही, लाफ नको करू."

मी हसले नाही. उलट मला बरं वाटलं. त्या हॉलमध्ये कुणी माझ्याशी मराठीत बोलेल अशी मी अपेक्षाच केली नव्हती. तिचा मुलगाही माझ्या मुलीएवढाच होता, पण तो बहुधा तिच्या आईकडे असायचा. ती इंटरनेटवर व्हिडिओ टाकायची. विषय हाच, घरच्या घरी, स्वस्तात, मुलांबरोबर काय काय करता येतं. बघणारे पुष्कळ होते. दोन-तीन भेटींनंतर तिने विचारलं, "तुझ्या किचनमध्ये एक व्हिडिओ करू या? माझा किचन फार न्यू आहे. तुझा एकदम रिअल आहे."

रिअल म्हणजे काय ते मी तेव्हा विचारलं नाही. हो म्हटलं.

ती आली ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन. एकीत टॉयलेट रोलचं नवंकोरं पाकीट. तिने ते फोडलं आणि माझ्या किचनच्या टेबलाशी उभी राहून एकेका रोलचा कागद भराभर उलगडायला लागली. पांढरा कागद जमिनीवर ढीग होऊन पडत होता.

"अगं, हे काय करतेस?"

"मला आतल्या ट्यूब्ज पाहिजेत. बायनॉक्युलर्स बनवायच्या."

"माझ्याकडे आहेत ना ट्यूब्ज! कपाटात पिशवी भरून आहेत."

"त्या थोड्या ग्रबी, डर्टी दिसतात कॅमेऱ्यात," ती म्हणाली आणि उलगडत राहिली.

दुसऱ्या पिशवीतून तिने बेक्ड बीन्सचे टिन काढले. मग लाल जेली, मग आदल्या दिवशी शिजवून निळा रंग घातलेली स्पॅगेटी. माझ्या कपडे भिजवायच्या टबात तिने हे सगळं ओतलं. टोमॅटोच्या सॉसमधले बीन्स, त्यांवर थरथरणारी जेली, त्यांत वळवळणाऱ्या जंतांसारखी ती निळी स्पॅगेटी. खोलीभर गोडसर, आंबूस वास पसरला. त्याला मेसी प्ले म्हणतात. मुलांना वेगवेगळे स्पर्श कळावेत म्हणून करतात, इथे सगळीकडे करतात, त्यात गैर आहे असं कुणाला वाटत नाही. मला मात्र बघूनच मळमळायला लागलं.

"यात तिला बसव," ती म्हणाली.

"बसवू? हात घालू दे नुसता."

"बसली की फनी दिसते. प्लीज. जस्ट वन मिनिट."

मी मुलीला उचलून टबात उभं केलं. तिने पायाच्या बोटांमध्ये शिरलेले बीन्स बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात जमिनीवर सांडलेला भातसुद्धा आपण पायाखाली घेत नाही, उचलतो, हे मी तिला रोज सांगत होते. ती म्हणाली, "आई, मम्मम." म्हणजे हे तर जेवण आहे. मग तिचा पाय घसरला, ती त्यात बसली, आणि लाल रस उडून तिच्या तोंडावर, डोळ्यांत गेला. ती किंचाळून रडायला लागली.

मी पुढे झाले तर ती व्हिडिओवाली फोन तसाच धरून म्हणाली, "वेट, वेट, हे खूप नॅचरल आहे."

मी मुलीला बाहेर काढलं. तिच्या मांड्यांवरून, डायपरमधून लगदा गळत होता. तिला सिंकमध्ये धरून धुतलं. मागे वळून बघते तर ही बया टबातलं सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत ओतत होती. उलगडलेला कागदही त्यातच. शिजलेलं अन्न आणि कोरा कागद, एका पिशवीत.

"इतकं सगळं टाकून देणार?"

"मग? खाणार कोण?" ती हसली. "आणि तू पण पीठ वापरते ना खेळायला?"

"आम्ही ते भाजून खातो," मी म्हटलं.

तिला वाटलं मी विनोद केला.

ती गेल्यावर मी टब गरम पाण्याने धुतला, परत धुतला. बीन्सचा वास काही जाईना. शेवटी टब मागच्या अंगणात नेऊन ठेवला. नवरा संध्याकाळी आला तर मी पायऱ्यांवर बसले होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांग, व्हिडिओ टाकू नको म्हणून." मी मेसेज केला. उत्तर आलं, "ऑलरेडी अप! पीपल लव्ह इट!"

व्हिडिओत मुलीचं रडणं नव्हतं. बायनॉक्युलर होते, टबात उभी असलेली माझी मुलगी होती, आणि मधूनच आमच्या घराची चित्रं होती. खिडकीखालचा ओलीचा काळा डाग, नळाला बांधलेलं फडकं, माझ्या साड्यांचे शिवलेले पडदे. ते तिने कधी टिपलं कोण जाणे. आवाज तिचा होता. काहीही नसताना ही भारतीय आई किती आनंदाने मूल वाढवते, आपण तिच्याकडून किती शिकावं, असं ती हळवी होऊन सांगत होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, बिचारी. या घराला आपण काही पाठवू शकतो का?

पाठवलं, चर्चच्या हॉलच्या पत्त्यावर; हॉलचं नाव तिने व्हिडिओत घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये शिरले तर तिथली कारभारीण, पांढऱ्या केसांची प्रेमळ बाई, एक फुगलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आली. सगळ्यांच्या देखत माझा हात हातात घेऊन म्हणाली, "लोक किती चांगले असतात नाही? तुझ्यासाठी आलंय." तिचं काही चुकलं नव्हतं. मी थँक यू म्हटलं. आजूबाजूच्या बायांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन पिशवी उघडली. वर एक छोटी गुलाबी गादी होती, मधोमध पिवळा डाग. खाली न धुतलेली लाळेरी, त्यांवर वाळलेली गाजराची पेज. कुणीतरी चावलेली, दातांच्या खुणा असलेली पुस्तकं, पानं एकमेकांना चिकटलेली. केसांच्या गुंतवळ्यासकट एक कंगवा. मी तो कंगवा दोन बोटांनी धरला आणि मला वाटलं, कुठल्यातरी घरात कुणीतरी हा उचलून मनात म्हटलं असेल, त्यांना चालेल. आजवर मला घाणीची किळस यायची. त्या दिवशी दयेची आली.

मी पिशवी उचलली, मुलीला बाबागाडीत घातलं आणि ट्रामने सरळ त्या व्हिडिओवालीच्या घरी गेले.

तिचं किचन खरंच नवं होतं, पांढरं शुभ्र. टेबलाशी तिची आई नातवाला भरवत होती. मी नमस्कार केला. "या, बसा," त्या म्हणाल्या. मी बसले नाही. पिशवी त्या पांढऱ्या ओट्यावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले.

"ईऽऽ, प्लीज, इथे नको ठेवू!" ती ओरडली. "काय आहे हे?"

"तुझ्या व्हिडिओमुळे मला आलंय. तुला किळस येतेय ना? मलाही आली."

"मी नाही सांगितली पाठवायला! लोक काइंड आहेत."

"मग तू ठेव. तुझ्या मुलाच्या केसांतून फिरव हा कंगवा."

तिच्या आईने चमचा खाली ठेवला. "कुठला व्हिडिओ?" त्यांनी विचारलं. मी तो माझ्या फोनवर लावून दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. फोन मला परत देताना त्या आपल्या लेकीकडे न बघता माझ्याशीच बोलल्या.

"आम्ही या देशात आलो तेव्हा आमच्या दाराशी अशा पिशव्या यायच्या. शेजारची एक बाई आणून ठेवायची. एकदा त्यात वापरलेल्या चड्ड्या होत्या. मी त्या जाळल्या. ह्यांना सांगितलं नाही आणि हिलाही कधी नाही. हिला वाटतं आम्ही पहिल्यापासून असेच होतो."

ओट्यापाशी उभी असलेली ती आईकडे वळली. "मम्मी, तू मला कधी बोलली नाही."

"काय सांगायचं त्यात? तो व्हिडिओ आधी काढून टाक."

"इतक्या लोकांनी बघितला आहे..."

"म्हणूनच काढ."

तिने तो माझ्यासमोर काढून टाकला. मग हातमोजे घालून सगळ्या वस्तू पुन्हा पिशवीत भरल्या आणि जंतुनाशक फवारून ओटा पुसला. पुसता पुसता रडत होती. तिच्या आईने मला चहा घेऊन जा म्हटलं. पण माझ्या पोटात चहा टिकला नसता. मी तसं त्यांना खरंच सांगितलं, आणि त्यांनी आग्रह केला नाही.

नंतर तिने माफीचा लांब मेसेज पाठवला, इंग्रजीत. मी उत्तर दिलं नाही. तिच्यावरचा राग महिन्याभरात निवळला, पण तिच्याशी बोलायचं म्हटलं की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं. मी हॉल बदलला. आता आम्ही लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासाला जायला लागलो.

मुलीचं मात्र बिनसलं होतं. ती ओल्या कशालाच हात लावेना. कणकेचा गोळा दिला तर बोटं ताठ करून मागे सरायची. रंग नको, पाणी नको, वरण-भातसुद्धा चमच्यानेच. नवरा म्हणायचा, होईल हळूहळू. मला मात्र वाटायचं की माझीच किळस मी हिच्या हातात उतरवली.

पानगळीचे दिवस होते. पार्कमध्ये रात्रीच्या पावसाने पायवाटेकडेला चिखलाचं डबकं झालं होतं. कुजलेली पानं, कुणाच्या तरी सिगारेटचं थोटूक, आणि कुत्र्यांचं काय काय मिसळलेलं कोण जाणे. मुलगी कडेला उभी राहून बराच वेळ आत बघत होती. मग एकाएकी ती त्यात फतकल मारून बसली. दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात घातले, लगदा वर काढला आणि गालांना फासला. "आई, बघ! आमटी!" ती ओरडली आणि खदखदून हसली.

तिला तिथल्या तिथे उचलून घरी न्यावं, उकळत्या पाण्यात बुडवावं असं वाटलं. मी वाइप्सचं पाकीट हातात घट्ट धरलं, तोंड झाडांकडे फिरवलं आणि नाकाने श्वास घ्यायचा नाही असं ठरवून तशीच उभी राहिले. मागे चिखलाचा पचपच आवाज चालू होता.