डावानंतरचं बोलणं

माझा धाकटा भाऊ शिगेझो खऱ्या अर्थानं बोलायचा तो डाव संपल्यावर. एरवी सकाळी "चहा", दुपारी "हं", संध्याकाळी "पाणी तापलं का", की झाला दिवस. त्याची बायको सेत्सुको मला म्हणायची, "वन्सं, तुम्ही माझं लग्न माणसाशी लावलंत की भिंतीशी?" मी म्हणायची, "भिंत घोरत नाही गं, तेवढा फरक."

तेंदोमध्ये आमच्या गल्लीत शोगीचे, म्हणजे आमच्या जपानी बुद्धिबळाचे, मोहरे घरोघर व्हायचे. लाकूड कापणारे वेगळे, अक्षरं काढणारे वेगळे. शिगेझो अक्षरं काढायचा, काळ्या लाखेनं. लाखेनं पोरपणीच त्याच्या हातावर पुरळ उठलं ते जन्मभर जाऊन-येऊन राहिलं, पण कुंचला हातात आला की हात हलायचा नाही.

कामातून उठला की तोफूवाला हारुकिची यायचा. वयानं मोठा शिगेझो, म्हणून पेटी तो उघडायचा आणि शेवटी मोहरे उचलायचाही तोच. तो मान मोठ्याचा. खेळताना दोघं मुके. मग ज्याला आपलं संपलं असं दिसेल, त्यानं पाठ सरळ करायची, वाकायचं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "हरलो." बाहेरच्याला वाटेल, झालं, उठले. छे! तिथून तर पुढे सुरू. मोहरे मागे न्यायचे आणि बोलायचं. चांदी, घोडा, हत्ती ही सगळी मोहऱ्यांची नावं. "इथं माझी चांदी पुढे गेली असती तर?" "घोडा बसला होता ना माझा, मेली असती." असं तासभर. आणि त्यातच मग बाकीचं निघायचं. गुडघ्याचं, सुनेचं, ज्याचं नाव एरवी काढायचं नाही अशा सगळ्याचं. नजर पटावर असली की माणसाला बोलता येतं.

सेत्सुको गेली तेव्हा शिगेझोच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे एकदा हारुकिचीकडून हरला आणि मोहरे मागे नेता नेता म्हणाला, "इथं चुकलं माझं. तिला आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं." हारुकिचीनं मान वर केली नाही. म्हणाला, "हा हत्ती बघ. आता दिसतोय. तेव्हा दिसत होता का तुला?" मी चहा घेऊन आले होते, तशीच मागे फिरले.

शिगेझो-सेत्सुकोला एकच मुलगी, कानाए. तिला त्यानं खेळ शिकवला नाही. आमच्याकडे मुलींना कोण शिकवत होतं? मलाही कुठं येतो? कानाए शिकली, तोक्योला नोकरीला लागली. शिगेझोनं इकडे लाख विकणाऱ्याचा दुसरा मुलगा घरजावई म्हणून मनात धरून ठेवला होता. मनातच, बोलणार कोण? आणि ती एके दिवशी सांगत आली की पोलंडचा व्हितोल्ड म्हणून आहे, त्याच्याशी लग्न करतेय, तिकडेच राहणार. शिगेझो "हं" म्हणाला. लग्नाला गेला नाही. लोक म्हणाले, रागावला. रागावला नव्हता हो. त्याला काय बोलावं ते सुचेना, आणि बापलेकीत मांडायला पटही नव्हता.

वर्षं गेली. मग एकदा फोनवर कानाए मला म्हणाली, "आत्या, बाबांना सांग, व्हितोल्ड शोगी खेळतो. त्यांच्या गावात मंडळ आहे, पुस्तकं वाचून शिकलाय."

मी सांगितलं. शिगेझो म्हणाला, "तिकडचे लोक खेळतात?"

"खेळतात म्हणे. तुझ्याहून बरा खेळत असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं ठेवणीतलं लाकूड काढलं. सगळा उन्हाळा एकच संच करत बसला. मी म्हटलं, "कुठल्या राजाची मागणी आली रे?"

"ताई, ते येतील तेव्हा एक डाव खेळू. डाव झाला, बोलायला बसलो, की हे त्याला देईन. मागची खोली मी मोकळी केलीय. दरवर्षी येत जा म्हणेन. कानाएलाही म्हणेन."

"मग आल्या आल्या दारातच सांग की."

"तसं कसं सांगता येईल?" तो म्हणाला. जणू मी त्याला उघड्यानं बाजारात जायला सांगितलं.

ऑक्टोबरात आले. व्हितोल्ड एवढा उंच की आत येताना चौकटीला कपाळ आपटलं, आणि माफी मागायला वाकला तर उठताना पुन्हा आपटलं. "जावईबापू, चौकट जुनी आहे, जपून मारा," मी म्हटलं. कानाएनं सांगितल्यावर तो पोट धरून हसला. चांगला होता पोरगा. सासऱ्यासाठी त्यांच्या मंडळाचे मोहरे घेऊन आला होता. आपली अक्षरं तिकडे कुणाला वाचता येणार, म्हणून प्रत्येकावर बाण काढलेले, कोण कुठे चालतो ते.

शिगेझोनं एक उचलून उजेडात धरला. "मोहरे आहेत की रस्त्यावरच्या पाट्या? भोंगा तेवढा राहिला." पण ओठाचा कोपरा हलला त्याचा. मला बरं वाटलं.

डाव शिगेझोच्या मोहऱ्यांवरच मांडला. नवा संच त्याच्या पाठीशी, कापडात गुंडाळून ठेवलेला. मी आणि कानाए आत अळकुड्या आणि मांसाचा रस्सा करत होतो. सरकतं दार उघडं होतं. बऱ्याच वेळानं शिगेझोनं पाठ सरळ केली, गुडघ्यांवर हात ठेवले, खाली वाकला. "हरलो." त्याचे कान लाल झाले होते. खूश झाला की लहानपणापासून त्याचे कान लाल व्हायचे, हे मला माहीत. त्या पोराला कसं माहीत असणार?

शिगेझोचा हात वर आला होता, मोहरा मागे न्यायला. तेवढ्यात व्हितोल्ड वाकला, आभार मानले, दोन्ही हातांनी भराभर सगळे मोहरे गोळा केले, पेटीत घातले, झाकण लावलं आणि अंगणात निघून गेला. शिगेझोचा हात तसाच वर राहिला.

मी एप्रनला हात पुसत आले. "बोलाव ना त्याला."

"ज्याला माझ्याशी बोलायचं नाही त्याला धरून बसवू? मोहरेसुद्धा त्यानंच उचलले."

मी आत जाऊन कानाएवर तडकले. ती अंगणात गेली आणि परत आली ती रडवेली होऊन. "आत्या, तो म्हणतो, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला वाकून हरलो म्हणावं लागलं, ते त्याला बघवेना. त्यांच्याकडे हरलेल्यासमोर बसून राहत नाहीत गं, त्याला एकट्याला राहू देतात. त्याच्या चुका दाखवत बसणं म्हणजे तर जखमेवर बोट. बाबांना उचलायचेही कष्ट नकोत म्हणून त्यानं उचललं."

मला हायसं वाटलं. धावत जाऊन शिगेझोला सांगितलं. म्हटलं, बघ, पोरानं मायेनं केलंय.

त्यानं रिकामा पट भिंतीशी सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे कीव केली माझी."

त्यापेक्षा अपमान परवडला असता. अपमानावर हारुकिचीही म्हणाला असता, जाऊ दे, परका आहे. पण कीव! कापडातला संच त्यानं कपाटात ठेवला. जेवताना रस्सा चांगला झालाय एवढं बोलला. सकाळी ती दोघं निघाली तेव्हा फाटकापर्यंत आला. कानाए म्हणाली, "बाबा, येते." तो म्हणाला, "हं." मागच्या खोलीचं कुणीच काही काढलं नाही. मी काढायला गेले तर त्यानं असं बघितलं की मी फाटकाची कडी लावायला वळले.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. छपरावरचा बर्फ उतरवायला हारुकिचीच्या मुलाला बोलावते म्हटलं तर म्हणाला, मला काय झालंय? शिडीवरून पडला. बर्फात पडला म्हणून लागलं नसेल असं वाटलं आम्हाला, पण डोकं दगडी पायरीवर आपटलं होतं.

त्याच्या अस्थी ठेवायच्या विधीला ती दोघं आली. व्हितोल्ड या वेळी चौकटीत वाकून आला, आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहिला. मध्यंतरी त्यांच्या मंडळात आपल्याकडचे एक म्हातारे शिकवायला गेले होते. व्हितोल्ड डाव जिंकून उठायला लागला तर त्यांनी म्हणे त्याची बाही धरून खाली बसवलं. "अजून कुठे संपलंय?" म्हणाले. तेव्हा त्याला कळलं. नियम सगळे पुस्तकातून पोचले होते तिकडे, एवढंच इथं राहिलं होतं, कारण तो नियम नव्हताच.

भिक्षू गेल्यावर तो देवघरासमोर पट घेऊन बसला. शिगेझोच्या फोटोकडे तोंड करून, गुडघे मोडून, एवढे लांब पाय कसेबसे दुमडून. सगळा डाव त्यानं आठवून पुन्हा मांडला, दोन्ही बाजू स्वतःच चालवत. शेवटपर्यंत आणला. मग काही मोहरे मागे नेले, शिगेझोच्या बाजूची चांदी एक घर पुढे सारली आणि फोटोकडे बघत आपल्या मोडक्या भाषेत म्हणाला, "बाबा, इथं? इथं हवं होतं?"

कानाए तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली.

मग त्यानं मला विचारलं, ते काय बोलणार होते? मी सांगितलं. खोलीचं सांगितलं, दरवर्षी या म्हणणार होता ते सांगितलं, आणि कपाटातून कापडातला संच काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं एक मोहरा हातात घेतला. लाख अजून तशीच चमकत होती, कुणाचं बोट न लागलेली. त्यानं तो परत कापडात ठेवला, गाठ मारली आणि छातीशी धरून बसला.

तीन दिवस मागच्या खोलीत राहिली दोघं. जाताना मी म्हटलं, "जावईबापू, तो पट तेवढा उचलून जा."

तो म्हणाला, "मी नाही. मोठ्यांनी उचलायचा."

आता या घरात मोठी मीच. हारुकिचीही म्हणतो, "ताई, उचला की, धूळ बसतेय." मी फडकं घेऊन जाते, पटाच्या कडा पुसते, मोहऱ्यांच्या मधून मधून पुसते. ती चांदी एक घर पुढे आहे, आणि पाळी समोरच्याची आहे की शिगेझोची, ते मला कळत नाही. मग फडकं झटकते आणि चहा ठेवते.