पेल्यातलं पाणी

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची बायपास लातूरला झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: ऑपरेशननंतर काही दिवस ठोक्यांची लय बिघडू शकते, बिघडू नये म्हणून गोळी सुरू आहे, पण छातीत फडफडलं तर लगेच सांगा. अण्णांनी मान डोलावली. भूकंपात किल्लारीजवळचं आमचं घर पडल्यापासून त्यांचा भरवसा एकाच यंत्रावर होता: उशाशी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. पाणी हललं की बाहेर पळायचं. दवाखान्यातही त्यांनी स्टुलावर पेला ठेवून घेतला.

आमचे दाजी, बहिणीचे यजमान, नांदेडला फिजिक्सचे क्लास चालवायचे. मुलांना डॉक्टर करायची हमी ते फलकावर देत असल्यामुळे वैद्यकशास्त्र आपल्याच हाताखाली आहे अशी त्यांची समजूत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अण्णांसाठी छापील वेळापत्रक घेऊन आले. त्यात प्राणायाम, सूप आणि दर रविवारी नाडीची चाचणी होती.

"मामा, शिस्त असली की हार्टसुद्धा रँक काढतं."

"जावईबापू, मला आता कुठं ॲडमिशन घ्यायची न्हाई," अण्णा म्हणाले आणि एकदम उठून बसले. माझं मनगट धरून ओरडले, "हालायलंय! भूकंप हाय! भायेर पळा!"

या वाक्याला लातुरात कुणी पुरावा मागत नाही. मिनिटभरात वॉर्ड रिकामा झाला. कूस बदलायला दोन माणसं लागणारे एक आजोबा सलाईनची बाटली उंच धरून जिना उतरले. सगळ्यांच्या पुढे दाजी होते, वेळापत्रकासकट. डॉक्टरही पळाले. मी थांबलो तो धैर्यामुळे नव्हे. मनगट अण्णांच्या मुठीत होतं आणि अण्णा वायरींनी मॉनिटरला जोडलेले होते.

अण्णांनी पेल्याकडे पाहिलं. "पाणी तर हालंना."

"नाही हालत," मी म्हणालो.

"मग काय हालायलंय?"

"तुम्ही, अण्णा," मागे राहिलेल्या एकट्या सिस्टर मॉनिटर बघत म्हणाल्या. "आडवे व्हा."

पडद्यावरची रेघ क्लास सुटल्यावर पोरांच्या सायकली निघतात तशी वाट्टेल तिकडे धावत होती. डॉक्टर अंगणातून धापा टाकत आले. हृदयाचे वरचे कप्पे नीट न आवळता नुसते थरथरताहेत, म्हणाले. बऱ्याच जणांना होतं, बहुधा आवरतं. पण रेंगाळलं तर आत रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. रक्तातलं पोटॅशियम कमी निघालं. ते सलाईनमधून सुरू झालं, सोबत लय आवरायचं औषध. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर विजेचा शॉक द्यावा लागणार होता.

खाली अंगणात दाजींनी लोकांना खरं काय ते सांगितलं. कुणी वर येईना. पहिल्या झटक्यानंतर दुसरा येतोच, असं सगळ्यांचं अनुभवसिद्ध मत होतं. सतरंज्या पसरल्या गेल्या, चहा आला.

वर मी रेघ बघत होतो, अण्णा पेला. चारच्या सुमारास रेघ एकसारख्या उड्या मारू लागली. सिस्टरांनी मान डोलावली तेव्हा कुठे अण्णांनी माझं मनगट सोडलं. त्यावर पाचही बोटं उमटली होती.

पुढे महिनाभर ते नांदेडला माझ्या बहिणीकडे राहिले, सोबत मीही. डॉक्टरांनी नाडी मोजायला शिकवली होती. त्याला अण्णांनी स्वतःचा नियम जोडला. फडफडलं की आधी पेला बघायचा. पाणी स्थिर असेल तर डॉक्टरांना फोन, हललं तर अंगण.

निकालाच्या दिवशी दाजींच्या क्लासची मिरवणूक डीजे लावून गल्लीत शिरली. खिडक्या थरथरल्या, पेला सांडला. मी धावत गेलो तर अण्णा अंगणात उभे, बोटं नाडीवर, नजर घड्याळावर.

"भूकंपच हाय," ते समाधानानं म्हणाले. "ह्या खेपेला मी न्हाई."