सात नंबरच्या मशीनवरचे नाखवा

गोमाजी नाखवा १९८१ साली आमच्या कंपनीत टेलेक्स ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा मी डोंबिवलीच्या शाळेत पाढे घोकत होतो. माणूस चेंदणी कोळीवाड्यातला. होडी धाकट्या भावाने घेतली आणि यांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या. खोपटला एसटी डेपोच्या मागे आमचं ऑफिस होतं, पंपांचे सुटे भाग परदेशी पाठवायचं काम.

टेलेक्सची लाइन जितका वेळ चालू, तितकं बिल. म्हणून ऑपरेटर मजकूर आधी कागदी पट्टीवर छिद्रं पाडून तयार ठेवायचा आणि नंबर लागला की पट्टी एका दमात सोडायचा. नाखवाकाका त्याच्याही पुढे. साहेबांनी दहा ओळी दिल्या की ते पेन्सिलीने काटछाट करून चार ओळींत बसवायचे, आणि अर्थ तसूभरही सांडायचा नाही. काटकसर त्यांच्या अंगातच भिनलेली होती. प्रधानसाहेब म्हणायचे, नाखवांना रामायण द्या, तारेत बसवून देतील.

अठ्ठ्याण्णव साली मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. टेलेक्स तोवर भंगारात गेला होता आणि परदेशी ईमेलचं काम नाखवाकाकांकडे आलं होतं. सात नंबरचं मशीन त्यांचं. ईमेलसुद्धा ते आधी कागदावर लिहायचे, खोडायचे आणि मगच टाइप करायचे. मी हसायचो. ईमेलला शब्दांवर बिल येत नाही हे मी त्यांना चारदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, असू दे रं, लाइन ती लाइनच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या डब्यात मासळी असायची. अकाउंट्सच्या विमलाबाईंनी वासाची तक्रार केली. साहेबांनी नियम वगैरे केला नाही, ‘जरा समजून घ्या’ एवढंच म्हणाले. नाखवाकाकांनी समजून घेतलं आणि एक ते दोन सायकलवरून घरी जेवायला जायला लागले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. उलट मला एक रिकामं मशीन मिळालं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात आमची चौसष्ट केबीपीएसची इंटरनेटची लाइन रांगायला लागली. पंधरा मशीनं तिच्यावर, आणि कोण किती ओढतंय याचा कुणाला पत्ता नाही. साहेबांनी मला सांगितलं, प्रत्येकाचा वापर मोजता येईल आणि आवरता येईल असं सॉफ्टवेअर शोध. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. हे जमलं तर नोकरी पक्की, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं.

मी तीन सॉफ्टवेअर पाहिली. पहिलं फुकट होतं, पण ते फक्त सगळ्या लाइनचा मिळून आलेख काढायचं. दुसरं मशीनचा नुसता नंबर दाखवायचं. तिसरं महाग होतं. त्यात मशीनच्या नंबरापुढे माणसाचं नाव घालता यायचं, रोजची मर्यादा ठरवता यायची आणि महिन्याचा रंगीत रिपोर्ट निघायचा. मला तेच आवडलं. महिनाभराच्या ट्रायलवर ते सर्व्हरवर चढवलं आणि पंधरा जणांची नावं मी स्वतः टाइप केली. सातपुढे लिहिलं, गोमाजी नाखवा.

महिन्याच्या शेवटी रिपोर्टची पहिली प्रत साहेबांच्या हातात दिली. सगळ्यात लांब लाल पट्टा नाखवाकाकांचा होता. लाइनचा जवळजवळ निम्मा वापर त्यांच्या नावावर.

मी साहेबांच्या टेबलापाशी उभा होतो. तो पट्टा माझा होता. इतर सॉफ्टवेअरची ट्रायल व्हर्जन, त्यांच्या नव्या आवृत्त्या, त्यांची पुस्तकं, एकेक फाइल वीस-वीस एमबीची. तुलना त्या महिन्यातही चालूच होती आणि माझं मशीन चाचण्यांत अडकलेलं, म्हणून सगळं मी रोज एक ते दोन सात नंबरवरून उतरवलं होतं. लाइन कोण खातं हे शोधायला बसलो आणि ती खाल्ली मीच.

तिथल्या तिथे बोललो असतो तर साहेब हसले असते, फार तर ओरडले असते. पण ते म्हणाले, “तानाजी, शाबास. हे सॉफ्टवेअर घेऊन टाकू.” मी ‘थँक्यू सर’ म्हणालो. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या सात महिने आला नाही.

साहेबांनी नाखवाकाकांना बोलावून चार शब्द सुनावले. मर्यादा घालायचं काम माझ्याकडेच आलं. रोजचे दोन एमबी. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, तेव्हा ते भांडतील अशी माझी अपेक्षा होती, खरं तर इच्छा होती.

“मना कलत नाय रं, कुठशी जातंय ता,” ते म्हणाले. “माजं काय चुकतंय? शिकव मना.”

त्यांचा रिपोर्टवर विश्वास बसला होता. मशीन खोटं कशाला बोलेल? मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी ईमेलच्या शेवटचं ‘रिगार्ड्स’ लिहिणं सोडलं. अक्षरं वाचवायला. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाने विचारलं, मिस्टर नाखवा रागावलेत का? ते पत्र मी वाचलं आणि तरीही तोंड उघडलं नाही. इतका भित्रा मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाची ड्रॉइंग दोन एमबीच्या मर्यादेत अर्धवट अडकली, ऑर्डर लांबली आणि खापर नाखवाकाकांवर फुटलं. सात नंबर त्यांच्याकडून गेलं. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांना तिकिटं चिकटवायला बसवलं. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

डिसेंबरच्या अखेरीस ते निवृत्त झाले. निरोप समारंभाआधी जिन्यात मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं होतं, मुस्काटात देतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

“म्हंजे मी कंपनीचा कायच खाल्ला नाय,” ते म्हणाले. मग माझा दंड धरून म्हणाले, “आता साहेबाला सांग. आजच सांग, सगल्यांपुडं. सगुणा आलीय, पोरं आलीत.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

समारंभात साहेब बोलायला उभे राहिले. चांगलंच बोलले. नाखवांनी टेलेक्सच्या काळात कंपनीची लाइन कशी जपली ते त्यांनी सांगितलं, आणि हसत हसत पुढे म्हणाले, “वाचवलेली सगळी शेवटच्या वर्षात एकट्याने वापरून टाकली, तेवढं त्यांना माफ.” हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेल्या सगुणाबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. नाखवाकाका माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, ते नुसती वाट बघत होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.