टीव्हीवैनीची दुपार

टीव्हीवैनी कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडे बघायचीच नाही, टीव्हीच्या चार कोपऱ्यांकडे बघायची. बातम्यांची पट्टी खालून अर्धी कापलेली दिसली की तिचं डोकं फिरलंच. "पैसे अख्ख्या चित्राचे मोजलेत ना? मग कापलेलं काय म्हणून बघता?" असं म्हणत ती रिमोट काढून घ्यायची, सेटिंगमध्ये शिरून चित्र पडद्याच्या कडेपर्यंत आणायची आणि मगच पाणी मागायची. घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "वैनी, थोडंसंच तर कापलंय." त्या माणसाची मग खैर नसायची.

पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीत मी चार वर्षं पोस्ट सांभाळत होते. वैनी तिथल्या तांडेलाची, म्हणजे बोट हाकणाऱ्या मुख्य माणसाची, बायको. माहेर मुंबईचं. लग्नाआधी तिनं टीव्ही दुरुस्तीच्या एका सेंटरमध्ये सहा वर्षं काढली होती. भाषा तिनं वाडीची उचलली, पण स्क्रू ड्रायव्हर काही सोडला नाही. सासरच्या माणसांना सुरुवातीला हे जड गेलं असणार. नंतर त्यांच्याच टीव्हीचं चित्र सुधारलं आणि बोलणं थांबलं.

मच्छीमार सोसायटीच्या आवारात जुनी जाळी ठेवायची एक खोली होती. वैनीनं ती मागून घेतली, झाडून काढली, स्वतःचा एक मोठा टीव्ही आणि दोन जुने गेमचे कन्सोल आणून बसवले. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, खलाशी रिकामे असतात, ते संध्याकाळी येऊन खेळायला लागले. तोवर सगळं गोडीत होतं. मग पाऊस सरल्यावर वैनीनं दारावर खडूनं लिहिलं : 'बायकांची वेळ दुपारी दोन ते चार.'

पहिल्या दिवशी तिघी आल्या, तोंडाला पदर लावून हसत. महिन्याभरात बाकडं पुरेना. सकाळभर मासळी विकून, घरचा स्वयंपाक उरकून आलेल्या बायका फुटबॉलचा गेम असा खेळायच्या की शेजारच्या बोटीवर आवाज जावा. जैतूनमावशीनं तीस वर्षं मासळी विकली होती. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की तिच्या तोंडून जे शब्द यायचे, तेच ती आता पडद्यावरच्या गोलकीपरला ऐकवायची. पोस्ट बंद करून मीही जायचे. मला बॉल कुठे आहे हेच कळायचं नाही, पण त्या दोन तासांत मी जितकी हसले तितकी पुढे कुठेच हसले नाही.

खेळता खेळता वैनीचे धडे चालायचे. मुंबईहून सणाला आलेला कुणी फोर-के टीव्हीचा तोरा मिरवायला लागला की ती विचारायची, "आतून येतंय काय? तुमचा कन्सोल सातशेवीस रेषांचाच ना? टोप मोठा आणलात म्हणून भात वाढतो काय?" एकाला शहरातल्या दुकानदारानं कन्सोल टीव्हीला जोडणारी, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआयची वायर गळ्यात मारली होती. वैनीनं ती लावून बघितली, मग आपली साधी वायर लावली आणि त्यालाच फरक सांगायला बसवलं. तो बिचारा पडद्याला नाक लावून बसला. "एवढ्या लांबीला साधी वायरपण पुरते," ती म्हणाली. "सोनं बायकोच्या गळ्यात घाल, टीव्हीच्या पाठीत नको."

अखेर सोसायटीच्या अध्यक्षांना खुपलंच. बायका भरदुपारी पायावर पाय टाकून फुटबॉल खेळतात, हे त्यांना बघवेना. एके दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, पुरुषांचं चालू ठेवा. बायकांची वेळ मात्र बंद करायची."

वैनीनं मान वर न करता उत्तर दिलं, "तुमचे दोन खलाशी आणा. माझ्या दोन बायका खेळतील. आमी जिंकलो तर हा विषय पुन्हा काढायचा नाय. हरलो तर या खोलीची चावी तुमच्या हातात." अध्यक्ष हसले आणि येत्या रविवारची दुपार ठरवून गेले.

आता माझा पराक्रम सांगते. खाऱ्या हवेनं आमच्याकडे लोखंड काय, तांबं काय, काहीच टिकत नाही. कुलूप, कात्री, शिलाई मशीन, सगळ्याला आई खोबरेल लावायची आणि मीही लावते. शनिवारी मला कन्सोलच्या वायरीच्या टोकावर हिरवट डाग दिसला. उद्या ऐन वेळी दगा नको म्हणून मी वायरीच्या दोन्ही टोकांना आणि टीव्हीच्या खाचेतही मायेनं खोबरेलाचे थेंब सोडले. वर स्वतःवर खूशही झाले.

रविवारी खोली गच्च भरली होती. वैनीनं टीव्ही लावला. चित्र आलं, त्यावर पांढरे ठिपके नाचले आणि पडदा काळा झाला. परत आलं, परत गेलं. तिनं वायर उपसून नाकाशी धरली. कुणाकडेही बघितलं नाही. स्पिरिटनं पुसलं, दुसरी वायर लावली, पण खाचेत आत गेलेलं तेल काही निघेना. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले.

मग तिनं कन्सोल दहाऐंशी रेषांवरून सातशेवीसवर उतरवला. चित्रातले बारकावे कमी केले की मळलेल्या पिनेलाही तेवढा भार पेलतो. चित्र स्थिर झालं. दुसरं कुणी असतं तर गुपचूप खेळ सुरू केला असता. वैनी उभी राहिली आणि म्हणाली, "आज फुल एचडी नाय, सातशेवीस हाय. दोन्ही बाजूंना सारखंच. कुणाची तक्रार असली तर आत्ता बोला."

अध्यक्षांनी हातानंच 'चालू करा' अशी खूण केली. पण रिझोल्यूशन बदलल्याबरोबर टीव्हीनं चित्र आपल्या मर्जीनं मोठं केलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ नि गोलांचा आकडा कडेबाहेर गेला. वैनी पुन्हा सेटिंगमध्ये शिरली. अध्यक्ष वैतागले, "अहो, मधलं दिसतंय ना? करा सुरू."

"तुमची खुर्ची मधी, म्हणून तुमाला चालतंय," वैनी म्हणाली. "आमचं सगळं कडंला असतं." आणि घड्याळ दिसेपर्यंत तिनं खेळ सुरू होऊ दिला नाही.

आम्ही हरलो. दोनास एक. शेवटच्या मिनिटाला जैतूनमावशीचा बॉल खांबाला लागून परत आला आणि सामना संपला. वैनीनं कमरेची चावी काढली आणि अध्यक्षांच्या हातावर ठेवली.

"खोली तुमची व्हती, ती घ्या," ती म्हणाली. "दुपार बायकांची हाय. ती मी पैजेला लावली नव्हती."

त्याच संध्याकाळी तांडेलानं टीव्ही डोक्यावर घेतला आणि आपल्या घराच्या पडवीत नेऊन ठेवला. मी मागोमाग गेले आणि खोबरेलाचं कबूल केलं. "ठाऊक हाय. वास काय लपतो?" ती म्हणाली, आणि मग जी कडाडली की तांडेल उठून अंगणात गेला. आधी विचारायला काय झालं होतं, पोस्टात बसून अक्कल गहाण टाकलीस काय, सगळं ऐकवलं. मी रडले. तिनं डोळे पुसायला फडकं दिलं आणि त्याच फडक्यानं पिना पुसायला बसवलं. पुढे बदली होईपर्यंत दर शनिवारी स्पिरिट आणि ब्रश घेऊन ते काम मीच केलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पडवीच्या पायरीवर चपला मावत नव्हत्या. सोसायटीकडून निरोप आला की हे बरं दिसत नाही. "माझ्या पडवीत कोण बसणार ते मी ठरवणार. त्यांना बरं दिसत नसंल तर सांग, चित्र नीट करून देते," असा उलट निरोप वैनीनं धाडला. त्यानंतर सोसायटीचा निरोप आला नाही.

माझी बदली झाली तेव्हा सामान बांधायला ती दोन दिवस राबली. माझा टीव्ही तिनं गोधडीत गुंडाळला, माझ्या हातात बांगड्या भरल्या, गळ्यात पडून रडलीसुद्धा. मग डोळे पुसून विचारलं, "गाडी कितीची?" मी म्हटलं, दोनची.

"मग मी काय येत नाय गो."

स्टँडवर निम्मी वाडी आली होती. अध्यक्षसुद्धा हात जोडून उभे होते. गाडी सुटली, वैनीच्या घरामागच्या वळणावर वेग कमी झाला आणि पडवीतून जैतूनमावशीची गोलकीपरला घातलेली शिवी ऐकू आली. वैनी आली असती, तर मला फार वाईट वाटलं असतं.