लाल गाडीखालचा गुलाबी डाग

माणसं खोटं बोलतात, गाडी कधीच बोलत नाही, या एकाच श्रद्धेवर आमच्या मोठ्या काकांनी सत्तर वर्षं काढली. हे बाबांचे चुलतभाऊ. घराण्याची मिठागरं होती, पण काकांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. भाईंदर पश्चिमेला चाळीस वर्षं टेम्पो दुरुस्त केले. घरी पाहुणे आले की ते आधी त्यांच्या गाडीची चौकशी करत, मग तब्येतीची. माझ्या दहावीच्या निकालाचे पेढे हातात घेऊन ते थेट खाली गेले, आमच्या स्कूटरचा ब्रेक घट्ट करून आले आणि म्हणाले, "आता पास झालीस." मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. काकांना ते फार आवडायचं. "ही पोरगी चांगल्या इंजिनासारखी हाय. बिघाड असल्याशिवाय आवाज न्हाय."

गॅरेज बंद केल्यावर त्यांनी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीट, लालभडक, जवळपास जमिनीला टेकलेली. गतिरोधक आला की ते काकींना उतरवत, गाडी हळूच पार करत आणि पुन्हा बसवत. त्यामुळे बाजारापर्यंत काकी बहुतेक चालतच जात. रविवारी सकाळी मात्र काका एकटे निघत. उत्तनच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी मनसोक्त पिदडायची, पुढे पालीच्या बंदरावर मासे घ्यायचे आणि शेजारच्या सीटवर माशांच्या पिशवीला पट्टा बांधून परत यायचं.

गेल्या उन्हाळ्यात गाडीखाली गुलाबी डाग पडू लागला. उभ्या गाडीतून थेंब नाही, पळवून आणली की गळायची. पहिला संशय माशांच्या पिशवीवर गेला. मग काकांनी फ्रिजचा खोका फाडून गाडीखाली अंथरला आणि प्रत्येक डागाभोवती स्केचपेनने गोल काढले. थेंब बोटावर घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे, मग माझ्या नाकाखाली धरायचे. वास गोडसर. "कूलंट," ते म्हणाले. इंजिन थंड ठेवणारं पाणी. पण येतं कुठून? पाइप बदलले, झाकण बदललं. वॉचमन म्हणाला, "चूहा होगा, साब." काका दोन दिवस उंदराचा माग काढत होते. चौक गावातला त्यांचा मित्र बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, तो खाली वाकून म्हणाला, "जास्त भरतोस काय रे? तापलं की बाहेर येनारच."

"चाळीस वर्षं भरतोय मी!" काका इतके दुखावले की त्याला चहाही विचारला नाही.

काकींनी मग निर्वाणीचं सांगितलं. "गणपतीपर्यंत गळती सापडली तर गाडी ठेवा. न्हायतर विका. रस्त्यात बंद पडली तर तुम्हाला आनायला कोन येनार?"

काका आमच्याच इमारतीत राहतात आणि आमची खिडकी बरोबर पार्किंगच्या वर. एका सकाळी काकांनी बॉनेट उघडलं. कूलंटची टाकी जुनी, पिवळी पडलेली, आतलं काही दिसत नसे. त्यांनी घोटभर कूलंट ओतलं आणि गाडीला विचारलं, "काय गो, आज पन कमी? रातच्याला पितेस काय?" मला हसू आलं. चहा पिऊन ते पुन्हा खाली उतरले. बॉनेट उघडलं. "काय गो, आज पन कमी?" पुन्हा घोटभर. अकराच्या सुमाराला तिसऱ्यांदा. शब्द तेच, लाडही तेच. मी खिडकीतून मागे सरकले.

तीन दिवस मी पाहत राहिले आणि गप्प राहिले. काकींना सांगावं असं वाटे, पण ते काकांच्या पाठीमागे झालं असतं. शेवटी शनिवारी खाली गेले.

"काका, तुम्ही दिवसातून तीनदा भरता."

"तीनदा?"

"हो."

ते कोरडे हात फडक्याला पुसत राहिले. "बाकीचं पन इसरतो काय गो मी?"

त्यांनी टाकीतलं जास्तीचं कूलंट काढून टाकलं. मग भरायची बाटली माझ्या हातात दिली. "उद्या भरायचं न्हाय. बघू."

रविवारी ते नेहमीपेक्षा जोरात गाडी पळवून आले. आम्ही दोघं खोक्याशेजारी बसलो. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. खोका कोरडा होता. काकांनी तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. "म्हंजे हिचा काय दोष न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती.

वर जाऊन त्यांनी काकींना सांगितलं, "गळती सापडली. गाडी विकू."

"अहो, सापडली तर ठेवायची ठरली होती ना?"

काकांनी त्यांना शेजारी बसवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. मी दारातूनच परतले.

आता त्या जागेत कोणाची तरी पांढरी गाडी उभी असते. काका गॅलरीत बसतात. मी कामावर निघाले की कधी कधी वाकून विचारतात, "काय गो, आज गळली काय?"

मी खाली पाहते. "नाही काका. सगळं कोरडं आहे."

"मंग जा," ते म्हणतात आणि समाधानाने मागे टेकतात.