दोन्ही हात वर

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तरचा होतो आणि तो अठ्ठावन्नचा. शेंद्र्यात आमची घरं समोरासमोर, आमचे आजे सख्खे भाऊ. भेटला की रामराम नाही, पहिलं हेच: "अण्णा, दोन्ही हात वर करा. आता हसा बरं."

त्याच्या बापाला लकवा झाला, मग थोरल्या भावाला, तोही ऐन चाळिशीत. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, रक्तात गाठी धरायचा गुण तुमच्या घराण्यात असंल, सगळे तपासून घ्या. लकवा आला की एक हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं, हेही त्यानंच शिकवलं. तेव्हापासून हा भावकीच्या मागं लागला. लग्नात हात वर, बारशात हात वर. एका दहाव्याला म्हातारीला म्हणाला, "काकू, हसा." तुम्ही असता तर तुम्हीही शिव्या दिल्या असत्या.

"मुडद्या, नवरा गेलाय माझा!" म्हातारी म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"तोंड सरळ हाय," म्हणून हा पुढं सरकला.

मला म्हणायचा, "गुण आला म्हंजी लकवा येतोच असं नाय. पण ठाऊक पायजे. बिडी सोडा अण्णा, पोराचं रक्त तपासा."

"आमच्या रक्तात खोट काढतो व्हय रे?" चौथी शिकलेला मी, पण माझ्या शब्दापुढं गावात कोणी जात नव्हतं.

माझ्या नातीला बघायला देवगावचे पाहुणे आले, तेव्हा हा नेमका ओट्यावर चढला. माझ्या पोराला म्हणाला, "हात वर कर."

"हे कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

घराण्यात लकवा म्हटलं की सोयरीक मोडते. मी म्हणालो, "भावकीतला नाय. शेजारी हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय, शेजारीच," म्हणाला आणि चपला घालून गेला.

सोयरीक जमली. तो परत माझ्या ओट्यावर आला नाही. मी मोठा, आधी त्यानं बोलावं, हा माझा हट्ट.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो समोर खाटेवर बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं एक हात वर केला. मला वाटलं, बोलावतोय. येऊ दे की चालत, म्हणून मी घरात गेलो. सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावणारा हा आज एकच का करतो, एवढं मला कळलं नाही.

त्याची बायको रानातून आली तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला.

अग्नी दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पोराला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेलो.

"सुतकात, अण्णा?"

"चल म्हणलं ना."

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "घरात कुणाला लकवा?"

"माझ्या भावाला," मी मोठ्यानं म्हणालो. मागं रांगेत देवगावकडचंही कोणी असंल. असू दे.